सांखळी आणि सावली

उन्हाळ्यांत भर दुपारीं दिवा स्थानकावर गाडीची वाट पाहात उभ्या असलेल्या मंडळींकडे कोणीं लक्षपूर्वक पाहिलें, तर त्यास एक मौजेचा देखावा दिसतो. फलाटावरील छपराखालीं जागा उरलेली नसते. बाहेरच्या उन्हांत एखाद्या खांबाची वीतभर रुंदीची सावली पडलेली असते, आणि तिच्यांत पांचसहा माणसें, कोणीं कवायत शिकविल्याप्रमाणें, एकामागें एक उभीं असतात. सावली सरकली कीं रांगहि सरकते. कोणी कोणास हुकूम करीत नाहीं, कोणी कोणाची आर्जवें करीत नाहीं. सावली ही स्थिर वस्तु नसून चालती वस्तु आहे, आणि तिच्याबरोबर चालतां येणें हें मोठें भाग्य आहे, ही गोष्ट त्या रांगेनें आम्हांस केव्हांच शिकवावयास हवी होती. परंतु वर्षानुवर्षें त्याच रांगेंत उभे राहूनहि आम्ही ती शिकलों नाहीं. ती आम्हांस आमच्या अंगणांतल्या एका कुत्र्यानें शिकविली, आणि तीहि त्याच्या जिवावर बेतल्यानंतर.

आमचें घर दिव्याच्या ज्या भागांत आहे, तेथें उंच इमारतींच्या गर्दींत कांहीं बैठीं घरें अजून तग धरून आहेत. १ मे १८५४ रोजीं ठाण्याहून कल्याणपर्यंत आगगाडी सुरू झाली, तेव्हांपासून या शिवारांतून लोहमार्ग गेलेला आहे. पुढें येथूनच पनवेलकडे व वसईकडे फांटे फुटले. एका अंगास खाडी व तिच्या कांठची खारफुटी, दुसऱ्या अंगास एके काळचीं भाताचीं खाचरें आणि आतांच्या चाळी, अशी गांवाची रचना. अशा ठिकाणीं स्वतःचें म्हणावें असें पंधरा हात अंगण असणें हें वैभवच म्हणावयाचें. आणि वैभव आलें कीं त्याच्या राखणीसाठीं कुत्रीं येतात, त्याप्रमाणें आमच्याकडेहि दोन आलीं. मोत्या व काळू हे दोघेहि गांवठी, एकाच विणीचे. परंतु मोत्या जितका उनाड, तितकाच काळू आज्ञाधारक. दूधवाला, पेपरवाला, शेजारचीं मुलें यांच्या सोयीसाठीं दिवसा दोघांनाहि बांधून ठेवण्याचा आमच्या घरीं प्रघात पडला.

त्यांच्यासाठीं आम्हीं पौष महिन्यांत पत्र्याचें एक घरकुल करविलें. अंगणाच्या दक्षिणेस सहा फूट उंचीची भिंत आहे. हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्यामुळें त्या भिंतीची सावली ऐन मध्याह्नींहि पांच-साडेपांच फूट अंगणांत पडत असे. ती पाहून आम्हीं भिंतीला लागूनच घरकुल बसविलें, शेजारीं दोन खुंटे ठोकले, आणि आपण एक भूतदयेचें कार्य शेवटास नेलें अशा समाधानानें हात धुतले. घरकुलास तीन बाजूंनीं पत्रा, वर पत्रा, आणि पुढें एक कमानदार तोंड होतें. येणारे-जाणारे त्याची वाखाणणी करीत. त्या वाखाणणी करणारांत कुत्रे मात्र नव्हते. ते कधींच आंत बसत नसत. हा त्यांचा अडाणीपणा आहे असें आम्ही समजत होतों.

वैशाखांत एका लग्नासाठीं आम्ही सहकुटुंब ठाण्यास गेलों. निघतांना दोघांपुढें पाण्याचें भांडें ठेवलें होतें. तीन वाजतां परतलों, तों भांडें सांखळीच्या हिसक्यानें उपडें झालेलें, आणि काळू भिंतीशीं आडवा पडलेला. जीभ लोंबत होती, तोंडांतून चिकट लाळ गळत होती, हिरड्या लालभडक झाल्या होत्या. हांक मारली तेव्हां त्यानें शेपूट हालविण्याचा यत्न केला, पण उठतां येईना. मोत्या जाग्यावर नव्हता. त्यानें पट्ट्यांतून मान सोडवून घेतली होती, आणि तो गल्लींत उभ्या असलेल्या एका रिक्षाखालीं खुशाल झोंपला होता. हुकूम मोडणारा वांचला होता, आणि हुकूम पाळणारा मरणाच्या दारीं होता. त्या क्षणीं आम्हांस जी लाज वाटली, तिचें वर्णन करण्याचें सामर्थ्य आमच्या लेखणींत नाहीं.

पिंपांतलें पाणी काळूच्या पोटावर, जांघेंत, पंजांवर ओतीत, आणि जेवणाच्या ताटानें वारा घालीत आम्ही त्यास रिक्षांतून डोंबिवलीस नेलें. तेथील पशुवैद्यांनीं ताप पाहिला, तो १०६ अंश भरला. कुत्र्याचें स्वाभाविक उष्णमान १०१ ते १०२॥ अंश असतें. "निघण्यापूर्वीं पाणी ओतलेंत हें बरें केलेंत," ते म्हणाले; "नुसतेच धांवत आला असतां तर वाटेंतच आटोपलें असतें." काळू वांचला. परंतु दुसऱ्या दिवशीं त्यांनीं जें समजावून सांगितलें, तें आम्हीं कुत्रे आणण्यापूर्वींच विचारावयास हवें होतें.

माणसाच्या सर्वांगास घाम येतो. कुत्र्यास तो जवळजवळ पंजांच्या तळव्यांसच येतो, आणि तेवढ्यानें कांहीं भागत नाहीं. त्याचा सारा भरंवसा धापेवर. जिभेवरील व श्वासमार्गांतील ओलावा उडून जातो, आणि त्याबरोबर शरीरांतली उष्णता बाहेर पडते. मात्र हा ओलावा उडावयाचा तर भोंवतालची हवा कोरडी पाहिजे. नागपूरचा उन्हाळा आंकड्यांनीं भयंकर, आणि आमच्या खाडीकांठचा त्यामानानें सौम्य, अशी आपली समजूत. परंतु येथील दमट हवेंत ती धापच निकामी होते. उन्हाचा आंकडा लहान असूनहि प्राणी होरपळतो, आणि वर बंद पत्र्याची पेटी असेल तर विचारावयासच नको. तापलेला पत्रा ऊन अडवितो खरें, पण स्वतः चुलीसारखी धग खालीं सोडतो. ज्यास आम्ही घरकुल म्हणत होतों, ती भट्टी होती. तींत न शिरणारे कुत्रे अडाणी नव्हते.

शेजारीं या गांवच्या मूळच्या आगरी कुटुंबांतील एक वृद्ध आजी राहतात. काळूस पाहावयास त्या आल्या, पत्र्यावर हात ठेवून त्यांनीं तो चटकन् मागें घेतला, आणि म्हणाल्या, "सावली केलीत बाबा, पण कुत्र्याला इचारलंत का?"

"कुत्र्याला काय विचारावयाचें, आजी?" आम्हीं म्हटलें.

"सोडा त्याला एक दिस. कुठं बसतो तें बघा. तोच सांगंल."

पुढच्या रविवारीं फाटक लावून घेऊन आम्हीं दोघांसहि मोकळें सोडलें, आणि खडू घेऊन ओट्यावर बसलों. दर तासानें सावलीची कड व कुत्र्यांची जागा फरशीवर आंखीत गेलों. आठ वाजतां ते घराच्या पश्चिमेस होते. दहा वाजतां पाण्याच्या टाकीच्या बुडाशीं, जेथें गळक्या तोटीनें माती ओली राहते. दुपारीं मागच्या अरुंद बोळांत. चारनंतर पुन्हां पूर्वेस. दिवसभरांत त्यांनीं सात जागा बदलल्या. ज्या भिंतीच्या भरंवशावर आम्हीं खुंटे ठोकले होते, तिच्याकडे मात्र ते एकदांहि फिरकले नाहींत, आणि साडेबाराच्या सुमारास त्याचें कारणहि डोळ्यांपुढें आलें. तो मे महिन्याचा मध्य होता. या दिवसांत आपल्या अक्षांशावर सूर्य मध्याह्नीं बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. सहा फूट भिंतीची सावली सहा बोटेंहि नव्हती. पौषांतली साडेपांच फूट सावली आम्हीं कायमची मालमत्ता समजलों होतों, आणि तिच्या आधारावर दोन जीव बांधून ठेवले होते.

आणखीहि एक गोष्ट त्या दिवशीं उमगली. काळू अबोलीच्या वाफ्यांत खड्डे करतो म्हणून त्यास आम्हीं अनेकदां दटावलें होतें. वरची तापलेली माती उकरून खालच्या गार मातींत पोट टेंकण्याची ती त्याची धडपड होती. तो आमच्याकडे अर्ज करीत होता, आणि आम्ही अर्जदारासच दंड करीत होतों!

पत्र्याचें घरकुल भंगारांत गेलें. त्याच्या जागीं नव्हे, तर घराच्या उत्तरेस, बांबूंचा सात हात उंच मांडव उभा राहिला. वर नारळीच्या झावळ्या, आणि त्यांच्यावर टीचभर अंतर सोडून रोपवाटिकेंत वापरतात ती हिरवी जाळी. वरचा थर तापला तरी मधल्या फटींतून वारा वाहतो व धग खालच्या थरापर्यंत पोंचत नाहीं. उंची अधिक असल्यामुळें गरम हवा कोंडत नाहीं. अडचण एकच उरली. आमच्याकडे दुपारचा वारा पश्चिमेकडून येतो, आणि ऊनहि तेव्हां पश्चिमेकडूनच येतें. एकास या म्हणावें तर दुसरें न बोलावतां शिरतें. ती अडचण आजींनींच सोडविली. पश्चिमेस कारवीचा कूड लावावा, पण जमिनीपासून हातभर वर. ऊन कुडावर अडतें, वारा खालून येतो, आणि कुत्र्याचें अंग नेमकें त्या हातभराच्या पट्ट्यांतच असतें. खालीं फरशीऐवजीं वाळू घातली व ती दुपारीं शिंपडण्याचा नेम ठेवला. पावसाळ्यासाठीं विटांचा एक ओटा केला, कारण दिव्यांत पाणी तुंबावयास निमित्त लागत नाहीं. भांडीं जड मातीचीं घेतलीं आणि ठिकठिकाणीं ठेवलीं. अंगणाच्या नैर्ऋत्येस करंजाचें व कडेला भेंडाचें रोप लावलें. खारट जमिनीस हीं झाडें कंटाळत नाहींत. परंतु झाड वाढावयास वर्षें लागतात, आणि कुत्र्याचें आयुष्य तें केवढें! म्हणून आज मांडव आणि उद्यां झाड, असा हिशेब ठेवावा लागतो.

एवढें करूनहि दिवसाची सांखळी आम्हीं काढूनच टाकली. फाटकास आंतून एक दुसरें ठेंगणें फाटक बसविलें, आणि दूधवाल्याची भीति तेवढ्यानें भागली. जें काम चारशें वितींच्या लोखंडानें होत नव्हतें, तें चार फळ्यांनीं झालें. १९६० सालच्या प्राणिक्रूरता-प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमांत, पाळलेल्या जनावरास पुरेसें अन्न, पाणी व निवारा न देणें हा अपराध सांगितला आहे. सदैव बांधलेल्या कुत्र्यास व्यायाम न देणें हेंहि त्यांत येतें. कायद्यानें पहिल्या अपराधास पन्नास रुपयांपर्यंत दंड ठरविला. आमच्या अपराधाची किंमत एवढी स्वस्त नव्हती, हें आम्ही जाणतों.

जो चालूं शकतो त्यास सावलीची फारशी चिंता करावी लागत नाहीं. जो जागचा हलूं शकत नाहीं त्याचाच तो प्रश्न आहे. हें कुत्र्यांपुरतेंच खरें नाहीं. १६ एप्रिल २०२३ रोजीं येथून फार दूर नसलेल्या खारघरच्या उघड्या मैदानावर एका समारंभास जमलेल्या समुदायांतील कित्येक माणसें उष्माघातानें दगावलीं. कोणाहि जीवास एका जागीं बसविणारानें त्याच्या वतीनें सूर्याकडे पाहावयाचें असतें, एवढा साधा नियम यांत आहे.

आमच्या देवघरांत दत्ताची एक जुनी तसबीर आहे. तीन मुखें, सहा हात, मागें गाय, पायांशीं चार श्वान. हे चार श्वान म्हणजे चार वेद, असें लहानपणीं आम्हांस सांगितलेलें. ती तसबीर आम्हीं हजारों वेळां पाहिली असेल. परंतु त्या उन्हाळ्यानंतर एकदां दिवा लावतांना तींत एक नवीनच गोष्ट दिसली. चित्रकारानें मागें औदुंबर काढला आहे, त्याच्या फांद्या चौघांहि कुत्र्यांवर आलेल्या आहेत, आणि एकाच्याहि गळ्यांत सांखळी नाहीं.

काळू आतां म्हातारा झाला आहे. दुपारीं तो मांडवांतून उठतो, चार पावलें चालतो, बोळांत जाऊन बसतो, आणि तास-दीड तासानें पुन्हां उठतो. तो उठला कीं आम्हीहि आपली खुर्ची उचलतों. आजवर त्यानें निवडलेली जागा चुकीची निघाल्याचें आम्हांस आठवत नाहीं.