जोडाला माया लागते

लग्नाच्या व्हिडिओत वधू हार घालते, ते दृश्य हळूहळू विरते आणि त्यातूनच जेवणाच्या पंगतीचे दृश्य वर येते. पाहणाऱ्याला वाटते, बटण दाबले आणि झाले. चिखलीत लग्नकार्याचे शूटिंग आणि एडिटिंग यांवरच माझे घर आजवर चालले, म्हणून या जोडाविषयी चार शब्द लिहीत आहे. आज घरोघरी मुलामुलींच्या हाती मोबाइल आहे. प्रत्येक घरात एक शूटिंगवाला तयार झाला आहे. त्यांच्या हे उपयोगी पडावे.

कॅसेटच्या काळात या एका जोडासाठी तीन यंत्रे लागत. एका व्हीसीआरवर पहिले दृश्य, दुसऱ्यावर दुसरे, मधे मिक्सर आणि तिसऱ्यावर रेकॉर्डिंग. मिक्सरची दांडी सरकवली की एक चित्र मावळे, दुसरे उगवे. संगणक आला तेव्हा ॲडोबी प्रीमियरने हीच रीत पडद्यावर मांडली. वर 'अ' पट्टी, खाली 'ब' पट्टी आणि मधे ट्रान्झिशन. कोणती क्लिप कोणावर किती चढली, ते डोळ्यांना दिसे. 2003 साली प्रीमियर प्रो आले आणि ही अ-ब रचना गेली. आता एकाच ट्रॅकवर क्लिपा एकामागे एक उभ्या राहतात आणि त्या जिथे भेटतात त्या कटवर ट्रान्झिशन ठेवायचे. केडेनलाइव्ह हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर आहे. त्यात एकाच ट्रॅकवर असा जोड देण्याची सोय डिसेंबर 2020 मध्ये आली. मोबाइलवर तर दोन क्लिपांच्या मधल्या चौकोनावर बोट ठेवले की काम होते.

काम सोपे झाले, पण आतला हिशेब झाकला गेला. तो हिशेब असा. आपल्याकडील कॅसेटच्या व्हिडिओत एका सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 25 चित्रे. एका सेकंदाचे ट्रान्झिशन कटच्या बरोबर मध्यावर ठेवले, तर पहिली क्लिप कटनंतरही अर्धा सेकंद चालू राहावी लागते आणि दुसरी कटच्या अर्धा सेकंद आधीच सुरू व्हावी लागते. हा जास्तीचा अर्धा सेकंद आपण कापून दृष्टीआड केलेला असतो, पण मूळ फाइलमध्ये तो शिल्लक असावा लागतो. शिवणकाम करणाऱ्या भगिनींना हे चटकन कळेल. शिवणीच्या आत कापड जास्तीचे सोडतात, त्याला माया म्हणतात. माया सोडली नाही तर शिवण उसवते. इथेही तसेच. शिल्लक नसेल तर सॉफ्टवेअर टोकाचीच फ्रेम पुन्हा पुन्हा दाखवते आणि वराचा हात हार घेऊन हवेतच थिजतो. काही सॉफ्टवेअरमध्ये एक क्लिप ओढून दुसरीवर चढवतात. तिथे चित्र थिजत नाही, पण लांबी घटते. दहा आणि दहा सेकंदांच्या दोन क्लिपा एक सेकंद चढवल्या की वीस नव्हे, एकोणीस सेकंद उरतात.

एक सेकंद गेला तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. मेहकर तालुक्यातील एका खेड्यातून एक मुलगी आईवडिलांच्या लग्नाची 1997 सालची कॅसेट घेऊन आली होती. ती संगणकावर उतरवून नव्याने सजवून हवी होती. "सगळीकडं भारी इफेक्ट टाका," म्हणाली. जाता जाता दारात थांबली. "भाऊ, यात मायी आजी हाये. तिचा एकबी फोटो नाही आमच्याजोळ. बाकी काही गेलं तं जाऊ द्या, तेवढी राहू द्या."

आजी सापडली. मांडवाच्या कडेला पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून पाहुण्यांना पाणी देत होती. कॅमेरा वळताच तिने पदर सावरला आणि हसली. दोन सेकंद. पन्नास फ्रेम. त्याच्या आधी आणि नंतर शूटिंगवाल्याचा कॅमेरा चालूच राहिला होता आणि जमीन व लोकांच्या चपला टिपत होता. तो भाग मी कापला होता. आता दोन्ही कटांवर मध्यावर ट्रान्झिशन ठेवले असते, तर सॉफ्टवेअरने ती कापलेली जमीनच शिल्लक समजून वापरली असती आणि आजीच्या मागेपुढे चपला तरळल्या असत्या. ट्रान्झिशन पूर्णपणे आजीच्या दृश्याच्या आत घेतले असते, तर 25 फ्रेम येण्यात आणि 25 जाण्यात गेल्या असत्या. आजी एकटी, स्वच्छ दिसेल अशी एकही फ्रेम उरली नसती. म्हणून तिथे कोणताही इफेक्ट दिला नाही. दोन्हीकडे सरळ कट ठेवला. पन्नासच्या पन्नास फ्रेम आजीला मिळाल्या. मुलीने ते दृश्य माझ्यासमोर सहा-सात वेळा मागे घेऊन पाहिले. इफेक्ट का नाही, हे तिने विचारले नाही.

अशा चित्रांचे मोल आपल्या समाजाला सांगायला नको. 7 डिसेंबर 1956 रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा नामदेवराव व्हटकर यांनी तिचे चित्रीकरण केले. तो जनसागर आज आपण डोळ्यांनी पाहू शकतो, कारण कोणीतरी त्या दिवशी कॅमेरा घेऊन उभा होता. आपल्या घरची आजी, मामा, आत्या यांचेही तसेच आहे. त्यांचे शूटिंग दुसऱ्यांदा होत नाही.

म्हणून तरुण मित्रांना सांगणे एवढेच. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर मनात पाच अंक मोजा, मग हवे ते टिपा. संपल्यावर पुन्हा पाच मोजा आणि मगच बंद करा. जोडासाठी तीच तुमची माया. त्रिशरण-पंचशील आणि वधूवरांची प्रतिज्ञा चालू असताना मधेच पान उलटणारे, बदामाच्या आकारात फिरणारे इफेक्ट टाकू नका. शब्द तुटतो आणि चेहराही जातो. वेळ किंवा जागा बदलली हे दाखवायचे असेल तिथे दृश्य विरू द्या, एरवी सरळ कट पुरतो. एडिटिंग झाले तरी मूळ फाइल पुसू नका. आणि स्टेजवर पंधरा मिनिटे कॅमेरा लावाल, तेव्हा मांडवाच्या कडेला पाणी देणाऱ्या बाईकडेही वळा. तिथे दोन सेकंदांवर थांबू नका. निदान दहा सेकंद तरी द्या.