पाकिटाची मागची बाजू

सकाळी पेपर उघडल्यापासून रात्री फोन बाजूला ठेवेपर्यंत जाहिराती आपला पिच्छा सोडत नाहीत. त्या आपल्या काळजीलाच हात घालतात, याचा मला फार राग येतो. मूल अशक्त राहील, चारचौघांत मागे पडेल, आणि दोष तुमचा! आई झालेल्या बाईला हे ऐकवणं क्रूरपणाचं आहे.

म्हणून दुकानात मी पाकीट आधी उलटं करते. मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. ज्याचं वजन जास्त ते आधी, असा नियमच आहे. परवा लेकीने मागितलेल्या बिस्किटांवर पुढे गव्हाची सोनेरी लोंबी होती. मागे पहिला मैदा, मग साखर, मग पामतेल. कणीक त्याच्याही नंतर. पाकीट मी परत फळीवर ठेवलं.

एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना दुधात घालायच्या पावडरी ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितल्या; अन्नसुरक्षा कायद्यात तशी व्याख्याच नाही. जूनमध्ये रसाच्या खोक्यांवरून ‘शंभर टक्के फळांचा रस’ हा दावा हटवण्याचा आदेश निघाला. तोवर कितीतरी मुलं त्या भरवशावर वाढली. हा उशीर मला अक्षम्य वाटतो.

लेकीला टीव्ही बंद कर म्हणत नाही. जाहिरात लागली की एवढंच विचारते, यात आपल्याला कशाची भीती घातली? ती पटकन ओळखते. काल तर माझ्याआधी म्हणाली, “आई, आता ते बाळ आजारी पडणार बघ.”