काउंटरपलीकडची मावशी

मुलांनो, आपण चुकलो आणि कुणी हसलं, की कसं वाटतं? मला तर रडूच येतं. आणि एकदा खरंच आलं.

१९९६ सालची गोष्ट. इटलीतल्या त्रिएस्ते या गावी मी वर्षभर राहायला गेले होते. अब्दुस सलाम या शास्त्रज्ञांनी १९६४ साली तिथे भौतिकशास्त्राची मोठी संस्था सुरू केली. मी तिथेच शिकत होते. वहीतली गणितं सुटायची, पण दुकानात मीठ कसं मागायचं, ते काही सुटत नव्हतं!

त्रिएस्ते हे समुद्रकाठचं बंदर. कॉफीची पोती वर्षानुवर्षं तिथे जहाजांतून उतरतात. त्यामुळे पावलोपावली कॉफीची दुकानं. पहिल्याच आठवड्यात मी एका दुकानात शिरले आणि ऐटीत म्हटलं, "कॉफी!" मला वाटलं, आपल्यासारखी दुधाची वाफाळती कॉफी येईल. आली ती बाहुलीच्या भातुकलीतली असावी एवढी कपुली! तळाशी दोन घोट काळीकुट्ट कॉफी. तोंडात घेतली मात्र, कडुलिंबाचा काढा प्यावा तसं माझं तोंड झालं.

काउंटरमागची बाई खो खो हसली. पन्नाशीची, पांढरा एप्रन, नाकावर घसरलेला चष्मा. मी पैसे ठेवले आणि तडक बाहेर पडले. खोलीवर येऊन खूप रडले. बॅग भरून घरी जावंसं वाटलं. त्या दुकानाकडे मग मी ढुंकूनही पाहिलं नाही.

हिवाळ्यात तिथे 'बोरा' नावाचा वारा सुटतो. डोंगरपठारावरची थंड हवा समुद्राकडे कोसळत येते. कधी कधी तर ताशी १०० किलोमीटरहूनही जास्त वेगाने! एका संध्याकाळी त्या वाऱ्याने माझी छत्री उलटी केली आणि मलाही ढकललं. समोर तेच दुकान. नाइलाजाने आत शिरले.

बाईने मला लगेच ओळखलं. काही न विचारता तिने काचेच्या छोट्या ग्लासात कॉफी ओतली, वर फेसाळ दूध घातलं आणि ग्लास माझ्यापुढे सरकवला. "कापो इन बी," ती म्हणाली. त्रिएस्तेकरांचं हे खास नाव. मग तिने माझ्या त्या दिवशीच्या वाकड्या तोंडाची नक्कल केली, अगदी हुबेहूब! या वेळी मीही हसले. ती मला हिणवत नव्हतीच मुळी. मीच उगाच फुगून बसले होते.

मनातल्या मनात मी तिला मावशी म्हणू लागले. रोज एक शब्द ती शिकवायची, एक मी. साखरेला तिथे 'झुक्केरो' म्हणतात. आपली शर्करा अरबांकडे जाऊन 'सुक्कर' झाली आणि तिथून इटलीत पोचली, हे मी मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं, तेव्हा तिला कोण आनंद झाला! बाबा बुदान यांनी येमेनहून ७ बिया चिकमंगळूरला आणल्या, अशी कथा सांगतात. तीही मी बोटं मोजून सांगितली.

निघताना ती रोज म्हणायची, "आ दोमानी." म्हणजे उद्या भेटू. शेवटच्या दिवशीही ती तेच म्हणाली. डोळे मात्र दोघींचेही भरले होते.

पुढे पुण्यात आमच्या शेजारी आफ्रिकेतून शिकायला आलेला एक मुलगा राहू लागला. मी त्याला जेवायला बोलावलं. त्याने ठेचा चटणी समजून चमचाभर खाल्ला! त्याचं तोंड पाहून आम्ही सगळे हसलो. तो खाली मान घालून गप्प बसला.

मला एकदम ती कपुली आठवली. मी उठले, त्याला दह्याची वाटी दिली आणि माझ्या काळ्या कॉफीची गोष्ट सांगितली, वाकड्या तोंडासकट.

तो इतका हसला, की दही सांडलं. जाताना त्याला म्हटलं, "उद्या ये रे!"

आणि तो आला.