ज्यांचा आवाज कापत नाही

टीव्ही मालिकेतला खलनायक पूर्वी ओरडायचा. डोळे वटारायचा, गडगडाटी हसायचा, आणि तो पडद्यावर आला की पोरं आईच्या कुशीत शिरायची. गेल्या काही वर्षांत त्याने ओरडणं सोडून दिलं आहे. आता तो हळू बोलतो, एका सुरात बोलतो. चहात साखर किती हे ज्या आवाजात विचारतो, त्याच आवाजात समोरच्याचा जीव घेण्याचं ठरवतो. भीती त्याच्या शब्दांची वाटत नाही. शब्द बदलतात आणि आवाज बदलत नाही, याची वाटते.

2020 च्या ऑगस्टअखेरीस झी मराठीवर 'देवमाणूस' सुरू झाली, तेव्हा चंद्रपुरातल्या आमच्या मोहल्ल्यातही संध्याकाळनंतर तिचीच चर्चा असे. लॉकडाऊनचे दिवस होते, माणसं घरात कोंडलेली होती. साताऱ्याकडे वाई-धोम भागात 2016 मध्ये उघडकीस आलेल्या खून प्रकरणावरून ती मालिका सुचलेली होती. किरण गायकवाड यांनी रंगवलेला डॉक्टर अजितकुमार देव गावाशी मधाळ बोलायचा आणि एकटा पडला की त्याच्या आवाजातून सगळा ओलावा निघून जायचा. माझी अम्मी मराठी बऱ्यापैकी समजते, पण सगळे शब्द तिच्या कानात बसत नाहीत. तरी दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "बेटा, इसकी आवाज़ में आदमी नहीं है." तिला कथानक कळायच्या आधी माणूस कळला होता.

हे कसं होतं? बी.एड.ला आम्हाला प्रकट वाचनाचे निकष शिकवले होते: स्पष्ट उच्चार, विरामचिन्हांचं भान, आवाजातला आरोह-अवरोह. उर्दूच्या तासाला त्यालाच आम्ही बुलंद ख्वानी म्हणतो आणि तिथे तलफ्फुज इतकाच लहजाही तपासतो. दोन्ही भाषांमध्ये मूळ गोष्ट एकच आहे. वाक्याचा अर्थ निम्मा शब्दांत असतो, निम्मा सुरात. 'आलास?' हा एकच शब्द आनंदाने, रागाने, काळजीने किंवा टोमणा मारून म्हणता येतो. सूर काढून घेतला की ऐकणारा अर्धा अर्थ शोधत राहतो, आणि तो सापडला नाही की अस्वस्थ होतो.

ही अस्वस्थता आपण फार लहानपणापासून घेऊन येतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970 च्या दशकात एक प्रयोग केला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते. मग थोडा वेळ ती चेहरा निर्विकार ठेवते, कसलाच प्रतिसाद देत नाही. बाळ आधी हसून पाहतं, हात पुढे करतं, आवाज काढतं आणि शेवटी तोंड फिरवून कासावीस होतं. आई समोरच आहे, तिने मारलेलं नाही, रागावलेलीही नाही. तिने फक्त प्रतिसाद थांबवला आहे. बाळाला तेवढं पुरतं.

टीव्हीवाल्यांना हे पूर्वीच कळलं होतं. ब्रिटनच्या 'डॉक्टर हू' या मालिकेत 1966 मध्ये सायबरमेन नावाची पात्रं आली. ही मुळात माणसंच, पण जगण्यासाठी एकेक अवयव बदलत गेलेली आणि शेवटी भावनाही काढून टाकलेली. पहिल्या वेळी त्यांचा आवाज मुद्दाम विचित्र ठेवला होता. नट नुसतं तोंड उघडायचे आणि आवाज बाहेरून दुसरा कलाकार द्यायचा, शब्दांवरचे आघात भलत्याच जागी टाकून. शब्द माणसाचे, पण बोलणारा माणूस नाही. अम्मीने त्या मालिकेचं नावही ऐकलेलं नाही, पण तिचं वाक्य त्या पात्रांना जसंच्या तसं लागू पडतं.

आमच्या भागात या आवाजाच्या अगदी उलट टोकाचा आवाज आहे, तो झाडीपट्टीच्या नाटकाचा. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा झाडीचा मुलूख. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाचे दिवस आले की गावोगाव नाटकं लागतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटकांचं मोठं केंद्र. कंपन्यांची कार्यालयं तिथे आहेत, बुकिंग तिथून होतं. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. थंडीत घोंगडं पांघरून बसलेला मागच्या रांगेतला म्हातारा हा त्या नटाचा खरा परीक्षक. त्याच्यापर्यंत रडणं पोचलं पाहिजे. म्हणून इथला नट सूर ताणतो, हुंदका लांबवतो, गाणं आलं की जीव तोडून गातो. 2023 मध्ये या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी रात्रींचा सन्मान झाल्यासारखं वाटलं.

शहरातले पाहुणे या नाटकांना भडक म्हणतात. त्यांचा कान मालिकांनी घडवलेला असतो. मालिकेत माईक नटाच्या गळ्याशी असतो, कॅमेरा डोळ्याशी. तिथे कुजबुजही चालते, आणि म्हणूनच तिथे थंड आवाज शक्य होतो. झाडीपट्टीतल्या नटाला थंड राहणं परवडतच नाही. समोरची माणसं हसली की तो थांबतो, शिट्टी आली की वाक्य पुन्हा घेतो, बायका डोळे पुसू लागल्या की त्याचाही गळा दाटतो. त्याचा आवाज ऐकणाऱ्यांमुळे बदलतो. माझ्या मते थंड आवाजाची ओळख हीच: ऐकणाऱ्यामुळे तो तसूभरही हलत नाही.

म्हणून शांत आवाज आणि थंड आवाज यांत गल्लत करू नये. 1988 मध्ये दूरदर्शनवर 'महाभारत' आलं. त्याचं लेखन राही मासूम रझा यांचं, आणि त्यातल्या 'समय'ला आवाज हरीश भिमानी यांचा. पडद्यावर फिरतं चक्र आणि एक आवाज, चेहरा नाही, देह नाही. तो आवाज रडत नाही, ओरडत नाही. पण तो ऐकताना आपल्याला कुणी सांभाळून घेतंय असं वाटतं. 2020 च्या रमजानपासून आपल्या कितीतरी घरांत तुर्की 'एर्तुग्रुल' उर्दूत पाहिली गेली. त्यातले इब्न अरबी फार हळू बोलतात. तरी समोरच्याच्या जखमेवर हात ठेवल्यासारखं बोलतात. अशा आवाजाला आपण सुकून म्हणतो. सुकून असलेल्या आवाजात समोरच्यासाठी जागा असते. थंड आवाजात ती नसते.

इथवर हा सगळा कलेचा मामला आहे, आणि कलेत थंड आवाज वापरायला कुणाची हरकत असू नये. 'देवमाणूस'मधला अभिनय चांगला होता म्हणूनच तो आवाज इतका लक्षात राहिला. माझी काळजी पुढची आहे. वर्षानुवर्षं रोज रात्री पाहून आपण एक समीकरण पाठ करतो: आवाज कापत नाही, म्हणजे मनात पाप आहे. मग टीव्ही बंद झाल्यावरही ते समीकरण चालू राहतं, आणि ते जिवंत माणसांना लावलं जातं.

एक उदाहरण उर्दूचं. हिंदी हेरकथांमध्ये आणि गुन्ह्यांच्या मालिकांमध्ये अतिरेक्यांचा म्होरक्या बहुतेक वेळा हळू, एका सुरात बोलतो, आणि त्याच्या तोंडी 'जनाब', 'मोहतरमा', 'इन्शाल्लाह' हे शब्द असतात. शाळेच्या मैदानात मुलं चोर-पोलीस खेळताना मी पाहतो. चोर झालेला मुलगा आवाज थंड करतो आणि म्हणतो, "जनाब, वक़्त ख़त्म हुआ." त्यात मुसलमान मुलंही असतात. ज्या शब्दाने माझे वालिद दारात आलेल्या पोस्टमनचं स्वागत करायचे, तो शब्द या मुलांच्या कानात धमकीच्या सुरात पक्का झालेला आहे. मी मुलांना रागावत नाही. तासाला 'जनाब' हा शब्द घेतो आणि प्रत्येकाला तो वेगवेगळ्या लहज्यात म्हणायला लावतो: पाहुण्याला, दुकानदाराला, रुसलेल्या आजोबांना. वर्ग हसतो आणि शब्द थोडा मोकळा होतो.

दुसरं उदाहरण जास्त जड आहे. 2022 च्या एप्रिलात, मी जंगलाला लागून असलेल्या एका गावात मराठी शिकवत होतो. सकाळची शाळा होती. मोहफुलांचे दिवस. पहाटे माणसं टोपल्या घेऊन जंगलात जातात, फुलं खाली पडलेली असतात, वेचताना माणूस वाकलेला असतो; आणि वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, असं इथले जुने लोक सांगतात. सातवीतल्या एका मुलीचे वडील तसे गेले आणि परत आले नाहीत. दहा-बारा दिवसांनी ती शाळेत आली. मी तिला बाजूला घेऊन बसलो. ती म्हणाली, "बाबाले वाघानं नेला जी. मोह वेचाले गेला होता." फळ्यावरची तारीख वाचावी तशी तिने ती दोन वाक्यं म्हटली. वनखात्याचे लोक आले, पंचनामा झाला, नातेवाईक आले, त्या सगळ्यांना तिने हेच याच सुरात सांगितलं होतं.

शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, पोरगी निर्ढावलेली आहे, डोळ्यांत टिपूस नाही. दुसरं कुणी म्हणालं, अगदी त्या मालिकेतल्या डॉक्टरसारखी बोलते, अंगावर काटा येतो. बोलणारी माणसं वाईट नव्हती. पाठ झालेलं समीकरण त्यांच्या तोंडून निघालं होतं. मी एवढंच म्हणालो, की तो डॉक्टर दुसऱ्याचं दुःख ऐकू येत नाही म्हणून तसा बोलतो, आणि या पोरीला स्वतःचंच दुःख इतकं मोठ्याने ऐकू येतंय, की बोलायला आवाज उरलेला नाही.

मोठ्या धक्क्यानंतर मन बधिर होतं हे मानसशास्त्र सांगतं. आपल्या आजी-पणजींनाही ते ठाऊक होतं. 'तिला रडवा कुणीतरी' असं त्या काळजीने म्हणायच्या, आरोप म्हणून नव्हे. कुरआनात हजरत याकूब यांची हकीकत आहे. मुलाच्या विरहात त्यांनी दुःख आतल्या आत दाबून धरलं, तक्रार केली ती फक्त अल्लाहकडे, आणि डोळे मात्र दुःखाने पांढरे झाले. त्यांच्या बोलण्यावरून कुणी त्यांचं दुःख मोजलं असतं, तर काय हाती लागलं असतं?

त्या वर्षी त्या मुलीच्या वाचनात आरोह-अवरोह नव्हता. कवितेलाही नव्हता, धड्यालाही नव्हता. मी तिला रोज वाचायला सांगायचो आणि सुधारायचो नाही. नियमाप्रमाणे गुण कमी पडले असते. मी निकषांतल्या स्पष्ट उच्चाराकडे पाहिलं, तो तिचा चांगलाच होता. पावसाळ्यात एकदा व्हरांड्यातून तिचा आवाज कानावर आला. पट्टीवरून मैत्रिणीशी भांडत होती, चढ्या सुरात, शेवटचा शब्द ओढत. इतकं छान भांडण मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

पण सगळ्यांना असा व्हरांडा मिळत नाही. चौकीत तक्रार द्यायला गेलेली बाई सपाट सुरात बोलली तर ती खोटं बोलते असं ठरतं. मय्यतीच्या घरात बेवा रडली नाही तर बायका एकमेकींकडे पाहतात. तलाकचा निर्णय ऐकून गप्प राहिलेल्या मुलीबद्दल 'तिलाच हवं होतं' असं बोललं जातं. उलट, हमसून रडणाऱ्यावर आपण चटकन विश्वास ठेवतो, कारण तो मालिकेतल्या सज्जनासारखा वागतो. अश्रूंना आपण साक्षीदार मानतो, आणि ज्याच्याकडे तो साक्षीदार नसेल त्याला गुन्हेगार ठरवतो.

मालिका पाहू नका असं मी सांगणार नाही. मी स्वतः पाहतो, अम्मीबरोबर बसून पाहतो. सांगायचं ते इतकंच, की पडद्यावर आवाजाचा अर्थ लेखक ठरवतो, दिग्दर्शक ठरवतो, मागे संगीत वाजवून पक्का करतो. घरात, शाळेत, चौकीत मागे संगीत नसतं. तिथे एखादा आवाज सपाट आला तर निकाल द्यायच्या आधी थोडं थांबावं, शेजारी बसावं आणि पुन्हा एकदा विचारावं. आपल्यामुळे तो आवाज किंचित जरी हलला, तरी आत माणूस आहे. आणि नाहीच हलला, तर कदाचित त्याला अजून वेळ हवा आहे.