घरबसल्या भूगोल

विद्यार्थी मित्रांनो, अभ्यासाचा कंटाळा फक्त तुम्हांलाच येतो असे समजू नका. चौतिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले, आणि तीही चांगलीच आळशी.

मी उर्दू घेऊन बी.ए. केले, मग बी.एड. केले. मालेगावच्या आमच्या शाळेत मी उर्दूच शिकवत होते. एका वर्षी भूगोलाचे तासही माझ्याकडे आले. पहिल्याच आठवड्यात एका मुलीने विचारले, "टीचर, आपल्याच गावात एवढे यंत्रमाग का?" मी म्हणाले, "उद्या सांगते." तो उद्या काही उजाडला नाही. शेवटी मी 'मानवी भूगोलाची ओळख' या अभ्यासक्रमाला पत्रद्वारा नाव घातले.

टपालाने पाच पुस्तिका आल्या. सोबतच्या पत्रात लिहिले होते, की तीन वर्षांत आपल्या सवडीने केव्हाही अभ्यास पूर्ण करावा. हे 'केव्हाही' फार फसवे असते! शाळा, स्वयंपाक, मुलाचा गृहपाठ, रमजान, ईद, लग्नसराई. पुस्तिका आठ महिने कपाटावर पडून राहिल्या. विचारणारे कोणीच नव्हते.

मग एकदाची सुरुवात केली. पहिल्या पुस्तिकेत राट्झेल आणि व्हिदाल द ला ब्लाश हे दोन पंडित भेटले. राट्झेलच्या मते निसर्गाचा माणसावर मोठा पगडा असतो. ब्लाश म्हणतो, निसर्ग अनेक शक्यता पुढे ठेवतो. त्यांतून निवड माणूस करतो. नावे उच्चारताना माझी जीभ अडखळली, पण मुद्दा समजला.

दुसरी पुस्तिका स्थलांतराची होती. शेवटी स्वाध्याय होता : 'लोक स्थलांतर का करतात?' मी पुस्तिकेतली कारणे सुवाच्य अक्षरांत उतरवून पाठवली. महिन्याने उत्तरपत्रिका परत आली. वर लाल शाईने लिहिले होते, 'हे पुस्तिकेत आहेच. तुमच्या घरात काय आहे?'

मला लाज वाटली. गाइडमधून उत्तरे उतरवली म्हणून मी तुम्हांला किती वेळा रागावले असेन!

त्या रात्री मी वही घेऊन दादीअम्मांजवळ बसले. त्या माझ्या आजेसासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, पण आठवण पक्की. त्या म्हणाल्या, "आपले बडे लोक मऊचे. 1857 च्या गदरनंतर तिकडे राहणे कठीण झाले. विलायती कापडाने हातमागाची रोजीरोटीही घटवली होती. म्हणून निघाले."

"थेट इथे आले?"

"छे! आधी बुरहानपूर. तिथे काही वर्षे माग चालवले. मग आग्रा रोडने कोणीतरी इथे आला. त्याने निरोप धाडला, की इथल्या बायका लुगडी नेसतात, विणणारे हवे आहेत. मग बाकीचे आले."

मी पुस्तिका पुन्हा उघडली. रॅव्हनस्टाइन नावाच्या अभ्यासकाने ब्रिटनच्या जनगणनेचे आकडे तपासून 1885 मध्ये स्थलांतराचे नियम मांडले होते. (तो स्वतः जर्मनीतून इंग्लंडला जाऊन राहिलेला!) लोक टप्प्याटप्प्याने सरकतात, लांब जाणारे बहुधा व्यापाराच्या व उद्योगाच्या ठिकाणी जातात, असे त्याने लिहिले होते. मऊ, बुरहानपूर, मालेगाव. ज्यांनी त्याचे नावही ऐकले नव्हते, त्यांनी त्याचा नियम पायांनी लिहिला होता. तेच हातमाग पुढे विजेवर चालू लागले. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याच ओसरीवर बसून पान कुटत होते.

आणखी एक नियम होता : जवळच्या अंतरावर पुरुषांपेक्षा स्त्रियाच अधिक स्थलांतर करतात. मी दादीअम्मांना विचारले, "आपल्या घरात बाहेरून आलेले कोण कोण?" त्या हसल्या. "मी धुळ्याची, तुझी सास येवल्याची, तू भुसावळची. मर्द सगळे इथलेच!"

मी थांबलेच. माझे वडील रेल्वेत होते, भुसावळला. लग्न होऊन मी इकडे आले. पण आपण स्थलांतरित आहोत, असे मला कधी वाटले नव्हते. स्थलांतरित म्हणजे गाठोडे घेतलेला मजूर, असेच चित्र डोळ्यांपुढे होते. 2011 च्या जनगणनेत भारतात सुमारे 45 कोटी स्थलांतरित मोजले गेले. त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून खूप जास्त होती, आणि त्यांचे सर्वांत मोठे कारण लग्न हेच होते. त्या 45 कोटींत मीही एक होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. लूमच्या खडखडाटाची तर सवय झालेली आहे. पण भुसावळच्या गाड्यांचा आवाज आठवत राहिला.

स्वाध्याय मी पुन्हा लिहिला. या वेळी अक्षर चांगले आले नाही. गुण मात्र चांगले मिळाले.

अजून दोन पुस्तिका बाकी आहेत आणि मुदतीचे सात महिने. पुढची पुस्तिका शेतीची आहे. दादीअम्मांना शेतीतले काही कळत नाही, मलाही नाही. तुमच्यापैकी कोणाच्या घरी कांद्याची शेती असेल, तर मधल्या सुट्टीत मला भेटा. मी वही घेऊन येईन.