वहीतली दोन शून्ये

गेल्या रमजानच्या आधीची गोष्ट. एके रात्री माझा मुलगा वही घेऊन स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "अम्मी, हे बघ. पुण्याचा महिना आणि सांगलीचा महिना."

तो संगणकाचे काम करतो. मार्च २०२० च्या टाळेबंदीत लॅपटॉप घेऊन घरी आला होता. दोन वर्षांनी कंपनीने परत बोलावले, आठवड्याचे तीन दिवस तरी ऑफिसात या म्हणून. २०२३ च्या दिवाळीनंतर त्याला दुसरी नोकरी मिळाली. तिथे ऑफिसात जायचेच नाही, कुठेही बसून काम करा. तेव्हापासून तो आमच्यासोबत आहे.

वहीत पुण्याचा हिशेब असा होता : दोघांत घेतलेल्या फ्लॅटचे त्याच्या वाट्याचे भाडे ९,००० रुपये. देखभाल, वीज आणि नेट १,८००. दोन वेळचा डबा ४,०००. नाश्ता, चहा, बाहेरचे खाणे ३,५००. पेट्रोल २,२००. कामवाल्या मावशी ८००. सांगलीला येणे-जाणे १,५००. मोबाईल, औषधे, किरकोळ १,७००. एकूण २४,५००. अनामत रक्कम आणि एजंटचे एक महिन्याचे भाडे वेगळेच.

पेट्रोलचा आकडा मोठा का, हे मला ठाऊक होते. ऑफिस हिंजवडीला, घर मिळाले कोंढव्यात. शहराची दोन टोके. ऑफिसजवळ त्याने चार घरे पाहिली होती. फोनवर सगळे ठरायचे, नाव सांगितले की "घर कालच गेले" असे उत्तर यायचे. पाचव्या वेळी त्याने विचारणेच सोडले. हा खर्च वहीत 'पेट्रोल' या नावाने लिहिला होता. रोजचे तीन तास कुठल्याच रकान्यात नव्हते.

मग सांगलीचा हिशेब. नेट ७००, जादा वीज ६००, पेट्रोल ५००, मोबाईल-किरकोळ १,२००, महिन्यातून एकदा मित्रांना भेटायला पुणे १,५००. एकूण ४,५००. भाडे शून्य. जेवण शून्य.

"महिन्याला वीस हजार वाचतात अम्मी!" तो खुशीत म्हणाला. परदेशातले लोक म्हणे लॅपटॉप घेऊन देशोदेशी फिरतात आणि स्वस्त गावात मुक्काम करतात. एस्टोनिया नावाच्या देशाने तर २०२० साली अशांसाठी खास व्हिसा काढला. "आणि मला सांगली घरबसल्या मिळाली."

मी बरे म्हटले आणि झोपायला गेले. पण ती दोन शून्ये डोळ्यांसमोरून हलेनात.

पुढच्या आठवड्यात साताऱ्याला आपाकडे गेले. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाल्यापासून माझी माहेरची फेरी वाढली आहे. आपाची मुलगीही मुंबईच्या एका कंपनीचे काम घरूनच करते. दुलाभाईंनी तिला एकटीला मुंबईला पाठवले नसते. त्यामुळे या पद्धतीने तिची नोकरी झाली, हे खरेच. पण मी होते त्या दोन दिवसांत पाहिले : मीटिंग चालू असताना पाहुणे आले की चहा तिनेच टाकायचा, कुकरची शिट्टी तिनेच मोजायची. "घरीच तर असते" असे सगळे म्हणतात. ती मला हळूच म्हणाली, "खाला, होस्टेलचे भाडे वाचते. पण तिथे आठ तास कोणी हाक मारली नसती."

परतीच्या एसटीत मला माझे सासरे आठवले. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ते मुंबईला गिरणीत गेले आणि १९८२ चा संप होईपर्यंत तिथे राहिले. एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे आणि जेवण खाणावळीत. जेवू घालणारी बाई कुणाची तरी बायको, घरच्याच चुलीवर रांधणारी. अशाच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. सासरे सांगायचे, पगार झाला की आधी खाणावळीचे पैसे, मग गावाला मनिऑर्डर. "जिच्या हातचे खाल्ले तिचा हक्क बुडवून घरी पैसे पाठवले, तर त्यात बरकत कसली?"

घरी येऊन मी मुलाची वही मागितली आणि मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिले. किराणा, भाजी, अंडी-मटण जादा ३,०००. रोज अर्धा लिटर दूध जास्त, ९००. सिलिंडर चाळीस दिवस जायचा, आता सव्वीस दिवसांत संपतो, त्याचे ३५०. त्याच्या कामासाठी घेतलेल्या इन्व्हर्टरचा हप्ता १,१००, तो त्याच्या अब्बांच्या पेन्शनमधून जातो. आणि शेवटी, शिवण क्लास बंद, २,४००.

ही शेवटची ओळ लिहिताना हात थांबला. पुढच्या खोलीत माझ्याकडे सहा मुली शिवण शिकायला यायच्या, महिना चारशे रुपये. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णेचे पाणी घरात शिरले, तेव्हा मशीन शेजाऱ्यांच्या माडीवर नेऊन वाचवले होते. पाणी ओसरल्यावर पंधरा दिवसांत क्लास पुन्हा सुरू झाला. पण मुलाचे टेबल त्या खोलीत आले, मशीनच्या आवाजाने मीटिंगमध्ये अडचण होऊ लागली, आणि मी मुलींना म्हटले, थोडे दिवस थांबा. त्याला मी काही सांगितले नाही. त्यानेही विचारले नाही. म्हणजे चूक एकट्या त्याची नव्हती.

माझी बेरीज ७,७५० झाली. त्याचे ४,५०० मिळवले तर १२,२५०. पुण्याच्या बरोबर निम्मे. सांगली स्वस्त आहेच, फुकट मात्र नाही.

वही वाचून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अम्मी, क्लास माझ्यामुळे बंद झाला?" मी म्हटले, "मी बंद केला. तुझ्यासाठी." त्याचे अब्बा मात्र नाराज झाले. "मुलाकडून जेवणाचे पैसे घेणार? आपण काय खाणावळ चालवतो?" मलाही संकोच वाटत होता. पण मी सासऱ्यांचे बोल सांगितले. खाणावळवाल्या परक्या बाईचा हक्क होता, तर घरच्या बाईच्या कष्टाला निदान नोंद तरी असावी. किंमत मला नको होती. शून्य नको होते.

आता पाच तारखेच्या आत तो आठ हजार रुपये घरात देतो आणि इन्व्हर्टरचा हप्ताही स्वतः भरतो. दुपारी तीन ते पाच तो टेबल सोडून आतल्या खोलीत बसतो आणि पुढच्या खोलीत मशीन चालते. सहांपैकी चारच मुली परत आल्या, दोघी दुसरीकडे जाऊ लागल्या होत्या. आपाकडे मात्र अजून काही बदललेले नाही. भाचीला मी म्हटले आहे, तूही एक वही कर आणि तुझ्या अब्बांना दाखव.

या रमजानमध्ये सहरीला मी उठले, तर गॅसवर चहाचे पातेले आधीच चढलेले होते. मुलगा म्हणाला, "पुण्यात सहरीला रात्रीचाच डबा गार खायचो अम्मी. ते मी वहीत लिहिलेच नव्हते."

आपापल्या घरातली मुले लॅपटॉप घेऊन परत येत आहेत. अल्लाहचे शुक्र की घरे पुन्हा भरली. फक्त हिशेब मांडताना शून्य लिहिण्याआधी एकदा स्वयंपाकघरात डोकावून पाहावे.