तीसपैकी चोवीस

हाडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर पाय कितपत परत मिळाला, हे मोजायची एक पद्धत आहे. १९९३ साली एनेकिंग या अमेरिकन शल्यविशारदाने सहकाऱ्यांसह ती मांडली. अजूनही जगभर वापरली जाते. वेदना, कामकाज, मनाने केलेला स्वीकार, काठी-कुबडीची गरज, चालण्याची क्षमता आणि चाल, अशा सहा गोष्टी. प्रत्येकीला पाचपैकी गुण, एकूण तीस. मला चोवीस मिळाले. बाबांनी दहावीच्या निकालासारखे फोन करून सगळ्यांना कळवलं, "ऐंशी टक्के!"

एकोणिसाव्या वर्षी माझ्या डाव्या नडगीच्या वरच्या टोकाला ऑस्टिओसार्कोमा निघाला. हा आजार बहुतेकदा वाढीच्या वयात आणि गुडघ्याच्या आसपासच होतो. आधी केमो, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमो. पाय कापावा लागला नाही. रोगट हाड आणि गुडघा काढून धातूचा सांधा बसवला. पण गुडघा सरळ करणारी दोरीसारखी कंडरा नडगीच्या त्याच टोकाला चिकटलेली असते. हाड गेलं की तिची जागाच जाते. मग पोटरीचा स्नायू पुढे वळवून त्याला ती शिवतात, आणि ती धरेपर्यंत पाय वाकवायचा नाही. सहा आठवडे पाय सरळ, पट्ट्यात. त्यात नागपूरचा मे महिना. कूलरसमोर बसूनही पट्ट्याखाली घामोळं यायचं आणि खाजवायला जागा नसायची.

पट्टा निघाल्यावर कळलं, पाय माझं ऐकतच नाही. टाच उचलायला गेले की मांडी थरथरायची, टाच गादीवरच. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती दाबायची, दहा मोजायचे, सोडायची. केमोच्या आठवड्यात तेवढंही होत नसे. मग मिळवलेले अंश हातचे जायचे. जिन्याचा नियम पाठ झाला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. घरी येणारा प्रत्येक पाहुणा ती चूक समजून सुधारायला बघायचा.

आता काठी सुटली. स्कूटी चालवते, बर्डीला एकटी जाते. चोवीस गुण खरेच आहेत.

पण त्या तक्त्यात मांडी नाही. उकिडवं बसणं नाही. या सांध्याला दोन्हीची मनाई आहे. महालक्ष्म्यांच्या जेवणाला सगळी पंगत खाली आणि मी खुर्चीवर, एकटीच उंच. वाढणारी काकू आंबील घेऊन वाकते, मग माझ्यापाशी येऊन सरळ होते. घरी बाबांनी कमोड बसवला, पण मामाच्या गावी जायचं म्हटलं की पहिला प्रश्न संडासाचाच. डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास जयपूर फूट घडवला, तेव्हा अनवाणी चालणारा, जमिनीवर बसणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर होता. गुण देणाऱ्या तक्त्यासमोर तो नव्हता.

मागच्या महिन्यात फिजिओथेरपीच्या बाकावर भंडाऱ्याकडचे एक काका भेटले. मुलगा सोळाचा, गुडघ्याजवळ तसलीच गाठ, शस्त्रक्रिया व्हायची होती.

"माय, याले रोवणी करता येईन का?"

"चिखलात वाकून? नाही, काका. मांडी नाही, उकिडवं बसणं नाही, पळणं नाही."

काका गप्प झाले. मुलानेच विचारलं, "क्रिकेट?"

"अंपायर."

तो हसला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "ताई, पाय दाखवता?" मी सलवार गुडघ्यावर सरकवली. त्याने व्रण नीट पाहिला, विचारलं, "दुखते?" नाही म्हटलं. मग उठून मी त्या बोळातून शेवटपर्यंत चालत गेले, वळले, परत आले. तो पूर्ण वेळ माझ्या पावलांकडे बघत होता.

स्वीकाराच्या रकान्यात माझे तीन गुण आहेत. त्याचा अर्थ असा दिलेला आहे: समाधानी, पुन्हा वेळ आली तर हेच करेन. पाच हवे असतील तर इतरांनाही उत्साहाने सुचवता आलं पाहिजे. काकांना मी काही सुचवलं नाही. येणार नाही ते आधी सांगितलं आणि येतं ते चालून दाखवलं. फोन नंबर मात्र त्या मुलाने मागून घेतला.